‘बाष्कळ’ राहून गेल्याबद्दल दिलगिरी

एखादा समाज किती सुसंस्कृत आहे, हे त्यात शहाणी माणसे किती आहेत यावरून ठरत नाही. (शहाणी माणसे सगळीकडेच मोजकी असतात आणि बहुधा घरी बसलेली असतात.) ते ठरते, दुसऱ्याला मूर्ख म्हणण्याची तिथली व्यवस्था किती चोख आहे यावरून. मागासलेल्या समाजात लोक एकमेकांना चौकात उभे राहून, मोठ्या आवाजात आणि तोंडाला येईल त्या शब्दांत मूर्ख म्हणतात. त्यातून बाचाबाची होते, सदरे फाटतात, आणि नेमका मूर्ख कोण हे ठरवायचे राहूनच जाते. सुधारलेल्या समाजाने हे काम वृत्तपत्राकडे सोपवलेले असते. तिथे ते आठवड्यातून एकदा, नीटनेटक्या टायपात, मुद्रिते तपासून पार पाडले जाते आणि सदरा कोणाचाच फाटत नाही.

या कथेतले वृत्तपत्र त्या बाबतीत फारच पुढारलेले होते. या कामासाठी त्याने एकच शब्द मुक्रर केला होता. तो शब्द म्हणजे ‘बाष्कळ’.

निवड विचारपूर्वक झालेली होती. सरळ ‘मूर्ख’ म्हटले की माणूस वकिलाकडे जातो. ‘वेडगळ’ म्हटले की त्याचे मेहुणे येतात. ‘पोरकट’ म्हटले की पालक पत्रे पाठवतात, आमच्या पोरांची बदनामी का करता म्हणून. ‘बाष्कळ’ म्हटले की माणूस आधी घरी जाऊन शब्दकोश शोधतो, तो नसला तर शेजाऱ्याकडे मागतो, आणि शेजाऱ्याला तो माळ्यावरून काढून द्यायला जो वेळ लागतो तेवढ्यात राग बराचसा उतरलेला असतो. शिवाय हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याचे गाल किंचित फुगतात आणि तो उगीचच विद्वान दिसतो. हा फायदा दुसऱ्या कोणत्याही शब्दात नाही.

शब्द वापरण्याचे नियम ठरलेले होते आणि ते अत्यंत न्याय्य होते. सत्तेबाहेरचा पुढारी काही बोलला तर ती ‘बाष्कळ बडबड’. तोच मंत्री झाला आणि तेच बोलला तर ‘सूचक विधान’. मंत्रिपद गेले की पुन्हा ‘बाष्कळ बडबड’. (एका पुढाऱ्याचे एकच वाक्य अशा तिन्ही मथळ्यांखाली छापून आलेले आहे. रस्त्यावरचे खड्डे बुजवावेत, असे ते वाक्य होते.) खेळाडूने उंच फटका मारला आणि झेल गेला तर फटका बाष्कळ, झेल सुटला तर धाडसी. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की हा शब्द फक्त जिवंत माणसाला लावायचा. माणूस गेला की त्याचे लेखन ‘निर्मळ’ होते. एका विनोदी लेखकाच्या बाबतीत मात्र जरा घाई झाली होती. सकाळच्या अंकात तो ‘निर्मळ’ ठरला आणि दुपारी दवाखान्यातून बरा होऊन घरी आला. पुढच्या अंकात त्याला पुन्हा बाष्कळ करावे लागले. त्याने तक्रार केली नाही. आपली प्रकृती खरोखर सुधारली याची पहिली खात्रीलायक बातमी तीच, असे तो भेटेल त्याला सांगत असे.

पुस्तकांच्या पुरवणीत तर या शब्दावाचून पान हलत नव्हते. एका वर्षी हिशेब केला तेव्हा परीक्षण झालेल्या दर शंभर पुस्तकांपैकी एक्क्याण्णव बाष्कळ निघाली. उरलेल्या नवातली पाच संपादकांच्या स्नेह्यांची होती, तीन पुस्तकांचे लेखक परीक्षण छापून येईपर्यंत वारले होते, आणि एक शिवणयंत्राबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका होती, जी चुकून परीक्षणासाठी आली होती. (तिची भाषा स्वच्छ असल्याचे नमूद झाले.)

या एक्क्याण्णवांपैकी निम्म्याहून अधिक पुस्तके ज्यांच्या खाती जमा होती, ते पुरवणीचे ज्येष्ठ समीक्षक. कचेरीत त्यांना सगळे अप्पा म्हणत. बाहेर त्यांना काय म्हणत हे सांगण्यात अर्थ नाही. लेखक त्यांना पाहून रस्ता ओलांडत, कवी दुकानात शिरत, आणि एका नाटककाराने तर त्यांना टाळण्यासाठी चष्म्याच्या दुकानात शिरून, गरज नसताना, चष्मा करून घेतला होता.

प्रत्यक्षात अप्पा म्हणजे इतका भिडस्त माणूस की लिफ्टमध्ये आपला मजला सांगायचासुद्धा त्यांना संकोच वाटे. दुसरे कोणी जिथे उतरेल तिथे उतरून बाकीचे मजले ते जिन्याने करत. आणि मुख्य गोष्ट अशी की अप्पांनी उभ्या हयातीत ‘बाष्कळ’ हा शब्द एकदाही लिहिलेला नव्हता.

यामागे त्यांचा एक धंदेवाईक दोष होता. ते पुस्तक वाचत. समीक्षेच्या व्यवसायात पुस्तक पाहण्याची रीत ठरलेली आहे. आधी मागचे वेष्टन, मग ऋणनिर्देश (म्हणजे लेखकाचे मित्र कोण ते कळते), मधले एक पान, शेवटचे एक पान, आणि किंमत. एवढ्या सामग्रीवर कोणतेही पुस्तक निःसंकोचपणे बाष्कळ ठरवता येते. अप्पा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे वाचत, आणि सगळे वाचले की कुठेतरी एखादे बरे वाक्य सापडतेच. एकदा ते सापडले की समीक्षकाचे पेन अडते. मग अप्पा लिहीत, ‘लेखकाची शैली वाचकाला क्वचित गोंधळात टाकते, पण तो दोष कदाचित वाचकाचाही असू शकेल.’

हा मजकूर पुरवणी पाहणाऱ्या बाईंच्या टेबलावर जाई. बाई वाईट नव्हत्या, त्यांच्याकडे फक्त जागा कमी असे. त्या वाक्याचे त्या ‘लेखकाची बाष्कळ शैली’ असे करत. अर्थ ठळक होई आणि दोन ओळी वाचत. पहिल्यांदा असे झाले तेव्हा अप्पा तक्रार करायला बाईंच्या खोलीपर्यंत गेले होते. दारात बराच वेळ उभे राहिले. बाईंनी वर पाहून चहा घेणार का विचारले. अप्पा हो म्हणाले, चहा प्यायले, आणि परत आले. तेव्हापासून आपली तक्रार नोंदवली गेलेली आहे, असे ते धरून चालत.

घरी बायकोला सगळे माहीत होते. पंखा जरा कमी करा, एवढे म्हणायला या माणसाला आठवडा लागतो हे ती जाणून होती. पण बाहेरच्या दबदब्याचे फायदेही तिलाच मिळत. शिंपी कपडे सांगितल्या दिवशी देई. इमारतीच्या सभेत अप्पांनी नुसता चष्मा पुसला तरी ठराव मागे घेतला जाई. “गावाला वाटतं वाघ आहे तर वाटू द्या,” ती म्हणे. “वाघाच्या बायकोला रांगेत उभं राहावं लागत नाही.”

अप्पांना खऱ्या अर्थाने भीती वाटे ती एकाच व्यक्तीची, आणि जीवही तिच्यावरच. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताई त्याच इमारतीत दोन मजले वर एकट्या राहत. आई लवकर गेल्यावर त्यांनीच अप्पांना वाढवले होते. साऱ्या शहरातले लेखक ज्यांना पाहून रस्ता ओलांडत, त्या अप्पांना त्या बंड्या म्हणत. (बंड करण्याचा स्वभाव ज्याच्या जवळपासही फिरकला नाही अशा मुलाला हे नाव कोणी ठेवले, याचा शोध लागलेला नाही.) रोज संध्याकाळी ताई खाली येत, खिडकीजवळच्या अप्पांच्या खुर्चीत बसत आणि अप्पांचा पेपर वाचत. स्वतःचा पेपर लावायची त्यांना गरज वाटली नव्हती. भाऊ तिथेच नोकरीला असताना पेपर विकत घेणे म्हणजे स्वतःच्या घरात तिकीट काढून शिरण्यासारखे आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या वेळेपुरते अप्पा स्टुलावर बसत. ते स्टूल म्हणजे त्यांच्या दिवसातली सगळ्यांत सुखाची जागा होती, पण हे त्यांनी ताईंना कधी सांगितले नव्हते. असे काही सांगायचे असते हेही त्यांना माहीत नव्हते.

तर या ताईंनी पुस्तक लिहिले.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. लांबच्या गावचा फोन जोडून द्यायचा आणि ठरलेला वेळ भरला की मध्ये बोलून ‘तीन मिनिटं झाली’ असे सांगायचे, हे त्यांचे काम. पुस्तकाचे नावही तेच होते, ‘तीन मिनिटं झाली’. आयुष्यभर कानांवर पडलेली बोलणी त्यात होती. (ऐकणे नियमाविरुद्ध होते. न ऐकता तीन मिनिटे मोजणे त्याहून कठीण होते.) सकाळी नंबर लावून संध्याकाळपर्यंत ताटकळणारी माणसे, आणि एकदाचा फोन लागला की ‘काय म्हणतोस’, ‘काही नाही, तू काय म्हणतोस’ यातच वेळ घालवणारी. परगावी नोकरीला असलेला एक नवरा दर महिन्याला फोन करून बायकोला फक्त एवढेच विचारी की आपल्या कपाटाचे दार अजून वाजते का, आणि ती फोन कपाटापाशी ओढत नेऊन त्याला दार वाजवून दाखवी. भांडलेले दोन भागीदार होते. दुसऱ्याने आधी बोलावे म्हणून दोघेही तीन मिनिटे गप्प राहिले आणि ताईंनी ‘वेळ संपली’ म्हणताच दोघांनी एकदमच पुन्हा तीन मिनिटे मागितली.

प्रकाशकाने रीतसर प्रती पाठवल्या. आडनावे वेगळी असल्यामुळे बाईंना नाते कळायचे कारण नव्हते, आणि पुस्तक आपसूक अप्पांच्या वाट्याला आले. अप्पांनी ते एकदा वाचले, मग पुन्हा वाचले. कपाटाच्या दारापाशी त्यांना चष्मा पुसावा लागला, तोही सभा नसताना. फक्त तिसऱ्या प्रकरणात ते अडखळले. त्यात एक्स्चेंजमधल्या बायका एकमेकींच्या काय खोड्या काढत याचे किस्से होते. ते त्या बायकांना फार हसू आणत असणार हे कळत होते, पण हसू येत नव्हते. अप्पांनी परीक्षणात तिसऱ्या प्रकरणाचा उल्लेखच केला नाही. बाकीच्याविषयी मनापासून लिहिले, आणि मजकूर घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले.

“चहा घेणार?” बाईंनी विचारले.

“घेईन. पण एक विनंती होती.”

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. अप्पांची ही पहिलीच विनंती होती.

“या परीक्षणात तो शब्द नाही घातला तर चालेल का?”

“कुठला शब्द?”

अप्पांना तो उच्चारवेना. “तो. आपला नेहमीचा.”

बाई खुर्चीत मागे रेलल्या. “अप्पा, कोणी काही देऊ केलंय का तुम्हाला?”

“नाही, नाही. पुस्तक चांगलं आहे.”

“चांगल्यालाही घालतोच की आपण. पुस्तकाला काय होतंय त्यानं?”

“बहिणीचं आहे,” अप्पा म्हणाले.

बाईंनी क्षणभर विचार केला. “सख्ख्या?”

“सख्ख्या.”

“मग हरकत नाही. सख्ख्यांना सूट देता येते. चुलत असत्या तर संपादकांना विचारावं लागलं असतं.”

अशा रीतीने त्या रविवारी, पुरवणीच्या इतिहासात, सुदृढ प्रकृतीच्या आणि संपादकांशी ओळख नसलेल्या लेखिकेच्या पुस्तकावर पहिल्यांदाच त्या शब्दावाचून परीक्षण आले. अप्पांचे लिखाण जसेच्या तसे छापून येण्याचीही ती पहिलीच वेळ. त्यांनी पुरवणी त्या पानावर दुमडून खुर्चीत ठेवली, स्वतः स्टुलावर बसले आणि ताईंची वाट पाहू लागले.

ताई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको दूध घेऊन आत आली ती दारातूनच म्हणाली, “अहो, वन्संनी पेपर लावला.”

 ज्याला या घराची माहिती नाही त्याला यात काही वाटणार नाही. पण अप्पांना कळले की यापेक्षा ताईंनी इमारतीच्या दारात उभे राहून चार शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते.

दुपारी प्रकाशकाचा फोन आला. त्याचा आवाज सुतकी होता. “अप्पासाहेब, आमचं काही चुकलं का?”

अप्पांनी विचारले, कशाबद्दल.

“शब्द नाही आला.”

मग प्रकाशकाने जे सांगितले ते अप्पांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलेले नव्हते. (समीक्षकाला पुस्तकांच्या दुकानात जाण्याचा प्रसंग येत नाही. त्याच्याकडे पुस्तके घरपोच येतात.) गिऱ्हाईक दुकानात आले की पहिल्यांदा विचारते, बाष्कळ काय आलंय नवीन. कारण चांगली म्हणून गाजलेली सगळीच पुस्तके त्या एक्क्याण्णवांत होती, हे लोकांनी केव्हाच हेरले होते. दुकानदारांनी दर्शनी भागात त्यासाठी वेगळा कप्पा केला होता. प्रकाशक तो शब्द लाल अक्षरांत छापून पुस्तकाला कागदी पट्टा घालत. ज्याला शब्द मिळाला नाही ते पुस्तक समीक्षकाने उघडलेच नाही, असे समजत. किंवा मग लेखकाचे काही खरे नाही असे.

ताईंच्या बाबतीत लोकांनी दुसरा अर्थ घेतला. मंगळवारपासून त्यांच्याकडे माणसांची रीघ लागली. जुन्या मैत्रिणी फळे घेऊन आल्या. तळमजल्यावरचा डॉक्टर, जो एरवी जिन्यात ओळख दाखवत नसे, तो आपणहून नाडी बघून गेला आणि काहीच सापडत नाही म्हणून जास्तच गंभीर झाला. एक्स्चेंजमधल्या बायका तर एकदमच आल्या आणि आळीपाळीने स्वयंपाकघरात जाऊन रडून आल्या.

शेवटी अप्पा दोन मजले चढून वर गेले. दार ताईंनीच उघडले.

“या, समीक्षक,” त्या म्हणाल्या. “बसा.”

हे अहो-जाहो अप्पांनी ताईंच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ते खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. टेबलावर ताईंचा स्वतःचा, कोरा करकरीत पेपर होता. शेजारी सफरचंदांचा ढीग होता.

“आजवर किती जणांना बाष्कळ म्हटलंस रे?”

“मी कोणालाच नाही म्हटलं, ताई. ते बाई...”

“तुझ्या नावाखाली येतं ना? मग झालं. त्या कादंबरीवाल्याला म्हटलंस, त्याला सरकारनं घर दिलं. त्या म्हाताऱ्या कवीला म्हटलंस, तो गावोगाव रडत भाषणं करत हिंडतोय, सभागृहं ओसंडून जातायत. परक्यांना द्यायला तुझ्याकडे आहे. आणि मला काय, तर ‘वाचनीय’.”

“वाचनीय चांगला शब्द आहे.”

“औषधाच्या बाटलीवर पण वाचनीयच असतं.”

 ताईंनी एक सफरचंद उचलले, पाहिले, परत ठेवले. मग त्यांचा आवाज खाली आला.

“बंड्या, शब्दाचं राहू दे. खरं सांग, वाचलंस तरी का?”

“दोनदा.”

“आणि एकही खोट नाही सापडली? मी विणलेल्या स्वेटरात एक टाका चुकला तर तू तो अंगात घालत नव्हतास. सहा वर्षांचा होतास. तेव्हा घाबरत नव्हतास मला. आणि एवढ्या मोठ्या पुस्तकात माझा एक टाका चुकला नाही?” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. “म्हातारी आहे, एकटी आहे, लिहिलंय हौसेनं, तर बरं म्हणून टाकू. असंच ना? लोक मरायला टेकलेल्याला ‘निर्मळ’ म्हणतात आणि तू मला ‘वाचनीय’ म्हणालास. फरक काय?”

अप्पांनी तोंड उघडले. तिसरे प्रकरण अगदी जिभेवर आले होते. पण जिभेवरचे मागे परतवण्याचा त्यांचा सराव दांडगा होता. त्यांनी विचारले, “डॉक्टर काय म्हणाला?” आणि ताईंनी उठून दार उघडले.

रात्रभर अप्पांना झोप लागली नाही हे सांगायला नको. ताईंना शब्दाची हाव होती, ती एक वेळ भागवता आली असती. पण त्यांना खरे हवे होते ते एवढेच, की भावाने त्यांना बरोबरीच्या माणसासारखे वाचावे. आणि नेमके तेच अप्पांनी केले होते, फक्त सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या खोलीत दारात न थांबता शिरले आणि म्हणाले, तो शब्द परत हवा आहे.

बाईंना त्यात काही विशेष वाटले नाही. छापून गेलेले परीक्षण पुन्हा छापता येत नाही, पण वृत्तपत्रात दुरुस्तीचा चौकोन असतो. गेल्याच आठवड्यात त्यात ‘छायाचित्रात डावीकडे उभे असलेले मंत्री हे वास्तविक उजवीकडे उभे असलेले मंत्री आहेत’ असा खुलासा आला होता आणि दोन्ही मंत्र्यांचे समाधान झाले होते. बाईंनी कागद ओढला आणि तिथल्या तिथे लिहूनही टाकले. ‘गेल्या रविवारी प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात ‘बाष्कळ’ हा शब्द अनवधानाने राहून गेला. वाचकांना व लेखिकेला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

“झालं,” बाई म्हणाल्या. “चहा सांगते.”

“नको,” अप्पा म्हणाले. “हे मी लिहितो.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि पेन पुढे केले. अप्पा तिथेच, टेबलाच्या पलीकडे बसून लिहू लागले. एरवी ते खोडाखोड फार करत. त्या दिवशी एकदाच केली. ‘काहीसे’ हा शब्द त्यांनी लिहिला होता, तो काढला.

मजकूर असा होता. ‘गेल्या रविवारच्या परीक्षणात पुढील वाक्ये असायला हवी होती. या पुस्तकाचे तिसरे प्रकरण बाष्कळ आहे. त्यातल्या किस्स्यांना त्या वेळी हसू आले असेल, कागदावर येत नाही. ते इतके खटकते याचे कारण त्याच्या मागची आणि पुढची पाने. माणसे एकमेकांशी काहीही न बोलता किती बोलतात, हे त्या पानांइतके नेमके प्रस्तुत समीक्षकाने दुसरीकडे वाचलेले नाही. हे लिहिण्याचे धैर्य त्याला वेळेवर झाले नाही, याबद्दल तो दिलगीर आहे.’

बाईंनी वाचले. सवयीने त्यांचा हात पेन शोधू लागला, पण ते अप्पांच्या हातात होते. “चौकोनात एवढं मावणार नाही. या वेळीही एका मंत्र्यांचा खुलासा आहे,” त्या म्हणाल्या.

“मंत्री काढा,” अप्पा म्हणाले.

मंत्री काढले गेले.

रविवारी संध्याकाळी अप्पा स्टुलावर बसून राहिले. बायको दोनदा आत-बाहेर करून गेली. तिने काही विचारले नाही, पण खुर्चीवरची उशी तिने सरळ केली. दाराची कडी वाजली तेव्हा तीच दार उघडून आत निघून गेली.

ताई आत आल्या, हातात स्वतःचा पेपर. खुर्चीत बसल्या. चष्मा लावला, ती दुरुस्ती पुन्हा एकदा वाचली, चष्मा काढला.

“हे त्या बाईनं लिहिलंय का तू?”

“मी.”

“तिसरं सगळंच?”

अप्पा स्टुलावर सरळ बसले. “छत्रीचा किस्सा बरा आहे. बाकी सगळंच.”

ताईंनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. आतल्या खोलीत बायको ऐकत होती, हे भांड्यांचा आवाज थांबल्यावरून कळत होते.

“मी त्या प्रकाशकाला म्हटलं होतं, तिसरं काढून टाकू,” ताई म्हणाल्या. “तो म्हणाला, ताई, लोकांना हसायला काहीतरी लागतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.” मग त्या अप्पांकडे वळल्या. “कपाटाच्या दाराचं आवडलं तुला?”

“चष्मा काढावा लागला.”

“हं,” ताई म्हणाल्या आणि पेपर उघडून आतले पान वाचू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान वर न करता सांगितले, “बंड्या, पंखा जरा कमी कर.” अप्पांनी उठून पंखा कमी केला. गेला आठवडाभर त्यांनाही तेच वाटत होते.

ताईंनी स्वतःचा पेपर मात्र बंद केला नाही. आता आपण लेखिका आहोत, घरात पेपर असायला हवा, असे त्या म्हणतात. वाचायला त्या खालीच येतात. वरच्याची घडी मोडू नये म्हणून.

आता पुस्तकाचे काय झाले तेही सांगायला हवे. दुरुस्ती आली त्याच आठवड्यात सगळ्या प्रती संपल्या. लोक दुकानात येऊन विचारू लागले, तिसरे प्रकरण आहे का. काहींनी पूर्ण पुस्तक घ्यायला नकार दिला. बाकीचे आम्हाला काय करायचे, असा त्यांचा रास्त सवाल होता. प्रकाशकाने काळाची पावले ओळखून तिसरे प्रकरण वेगळे काढले, त्याला लाल पट्टा घातला, आणि ते आता चौथ्या आवृत्तीत आहे. पुढच्या वर्षी ते महाविद्यालयात लागेल असे म्हणतात. एक्स्चेंजमधल्या बायकांच्या सह्या घ्यायला लोक घरापर्यंत येतात. कपाटाच्या दाराबद्दल अजून तरी कोणी विचारलेले नाही.

एवढ्याशा दुरुस्तीला एवढा प्रतिसाद कसा मिळाला, हे समजून घेण्यासाठी वृत्तपत्राने वाचकांची रीतसर पाहणी केली. निष्कर्ष समाधानकारक आहेत. वाचक तो शब्द येईपर्यंत वाचतो, तो कोणाला लावला आहे ते पाहून घेतो, आणि पान उलटतो. शब्द येऊन गेल्यावरही शेवटपर्यंत वाचत राहणाऱ्यांचे प्रमाण अगदी नगण्य आहे आणि त्यांचे दोनच गट आढळले. पहिला, लिहिणाऱ्याच्या घरच्या माणसांचा. दुसरा, हा शब्द शेवटी फिरून आपल्यालाच लावणार आहेत की काय, अशी ज्यांना मनातून सारखी धास्ती असते त्यांचा.

या कथेत तो शब्द अगदी सुरुवातीलाच येऊन गेलेला आहे, आणि घरच्या माणसांना ती आधीच वाचून दाखवून झालेली आहे.